पौर-जानपद प्रकरण : अनंत सदाशिव अळतेकरांनी नाकारलेली संसद

राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत एक ठरलेली ओळ येते. दान दिल्याची खबर कोणाकोणाला द्यायची, त्यांची ती यादी असते : राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, आधिकारिक, महत्तर वगैरे. अमुक गाव अमुक माणसाला दिले आहे, कोणी आडकाठी करू नये, असे राजा त्यांना कळवतो. यातला ‘राष्ट्रपती’ देशाचा प्रमुख नव्हे. राष्ट्र नावाच्या एका प्रशासकीय विभागाचा तो अधिकारी. ‘विषय’ हाही तसाच, साधारण जिल्ह्यासारखा विभाग. ‘महत्तर’ म्हणजे गावातली, विभागातली जाणती, मानाची मंडळी. इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकरांनी उमेदीची बरीच वर्षे अशा याद्या वाचण्यात घालवली. यादीत कोण आहे हे तर ते पाहतच. पण जो असायला हवा होता आणि नाही, त्याचीही दखल घेत. याच सवयीमुळे 1949 मध्ये त्यांनी एक अप्रिय निष्कर्ष छापला. प्राचीन भारतात पौर-जानपद नावाची दोन सभागृहांची संसद होती असे अनेक विद्वान मानत होते. अळतेकरांनी लिहिले की तशी संसद नव्हती.

राज्यशास्त्राच्या वर्गात मी हे प्रकरण दरवर्षी घेतो. प्राचीन संस्थांचा अभ्यास करणाऱ्या माणसाकडे लोक ‘धडे’ मागायला येतात आणि त्यांना कोणता धडा हवा आहे ते बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. अशा वेळी अभ्यासकाने काय करावे, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला मराठी माणसांच्या विद्याव्यवहारात सापडलेले नाही.

माणूस

अळतेकरांचा जन्म 24 सप्टेंबर 1898 चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकवे गावचा. सुरुवातीचा एक मोठा ग्रंथ 1927 चा, पश्चिम भारतातल्या ग्रामसंस्थांवरचा. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राचीन भारतीय इतिहास आणि संस्कृतीचे मणींद्रचंद्र नंदी प्राध्यापक झाले. 1934 मध्ये राष्ट्रकूटांवरचा आणि प्राचीन शिक्षणावरचा असे दोन ग्रंथ आले, 1938 मध्ये हिंदू संस्कृतीतल्या स्त्रियांच्या स्थानावरचा. 1946 मध्ये रमेशचंद्र मजुमदारांबरोबर वाकाटक-गुप्त काळावरचा खंड संपादित केला. 1949 मध्ये ‘स्टेट अँड गव्हर्नमेंट इन एन्शंट इंडिया’ आला आणि त्याच सुमारास ते पाटण्याला गेले. तिथे कुम्रहार आणि वैशालीचे उत्खनन त्यांनी केले. बयाण्याजवळ सापडलेल्या 1821 गुप्त सुवर्णनाण्यांची सूची त्यांनी 1954 मध्ये छापली. 1960 मध्ये त्यांचे निधन झाले.

या यादीत नाणी, लेख आणि उत्खनन फार आहे, हे लक्षात ठेवावे. राज्यसंस्थेवर लिहिणारे बरेच जण धर्मसूत्रे, महाभारत आणि कौटिल्य हाताशी घेऊन बसतात. ग्रंथ काय सांगतो आणि गावच्या दगडावर काय कोरले आहे, या दोहोंतले अंतर अळतेकरांना रोज दिसत होते.

दावा

पौर-जानपद संसदेचा दावा मांडणारे काशीप्रसाद जायसवाल (1881–1937) यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती हलकी नव्हती. भारतीयांनी एकछत्री सत्तेपलीकडे काही पाहिलेच नाही, म्हणून स्वराज्य त्यांना झेपणार नाही, असे इंग्रज इतिहासकार आणि अधिकारी उघड म्हणत असत. बॅरिस्टर असलेल्या जायसवालांनी या आरोपाला 1924 च्या ‘हिंदू पॉलिटी’त उत्तर दिले. यौधेय, मालव, लिच्छवी यांची गणराज्ये आणि बौद्ध संघाच्या कामकाजाचे नियम राजकीय इतिहासाच्या मध्यभागी आणण्यात त्यांच्या ग्रंथाचा वाटा फार मोठा आहे. ते ऋण अळतेकरांवरही होते.

पण जायसवाल एक पाऊल पुढे गेले. ग्रंथांत आणि लेखांत ‘पौर’ आणि ‘जानपद’ हे शब्द जोडीने येतात. जायसवालांनी त्यांना दोन सभा ठरवले. पौर ही राजधानीची आणि जानपद ही उरलेल्या देशाची. या सभा युवराज निवडतात, राजाला पायउतार करू शकतात, जादा कराला संमती देतात किंवा नाकारतात. म्हणजे राजा होता, पण त्याच्या डोक्यावर संसद होती. आधारासाठी त्यांच्याकडे रामायण होते, कलिंगचा राजा खारवेल याचा हाथीगुंफा लेख होता, क्षत्रप राजा रुद्रदामन याचा गिरनारचा लेख होता. शब्द एकवचनी येतो, म्हणून ती एक संस्थाच असली पाहिजे, हा त्यांच्या मांडणीचा कणा.

1924 मध्ये हे वाचणाऱ्या तरुणाला काय वाटले असेल याची कल्पना करता येते. हवा असलेला पुरावा संस्कृतातच, आपल्याच घरात मिळाला होता.

पुरावा तपासताना

अळतेकरांचा प्रतिवाद 1949 च्या ग्रंथातल्या मध्यवर्ती सभेवरच्या प्रकरणात आहे. त्याचा सूर शांत आहे. सारांश असा की पौर-जानपद म्हणजे नगरातले आणि खेड्यापाड्यांतले लोक, एवढाच अर्थ जवळजवळ सगळीकडे पुरतो.

गिरनारचा लेख घेऊ. तो इ.स. 150 चा. वादळी पावसाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला होता. दुरुस्तीचा खर्च एवढा मोठा की राजाच्या मतिसचिवांनी (सल्लागार मंत्र्यांनी) आणि कर्मसचिवांनी (कारभारी मंत्र्यांनी) नको म्हटले, लोक हवालदिल झाले. शेवटी सुविशाख नावाच्या अमात्याने काम पुरे केले. रुद्रदामन अभिमानाने सांगतो की कर, वेठबिगार किंवा ‘प्रणय’ नावाची जादा वसुली यांनी ‘पौरजानपदं जनं’ न पिडता, स्वतःच्या कोशातून हे केले. मूळ शब्दांकडे पाहा. ‘पौरजानपद’ला लागूनच ‘जन’ उभा आहे. ज्यांच्यावर वेठ लादता येते ते लोक असतात. सभागृहाला कोणी वेठीला धरत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. खर्चाचा एवढा मोठा प्रश्न, मंत्र्यांचा विरोध, प्रजेचा आकांत हे सगळे लेखात आहे. कराला संमती देणारी सभा असती, तर ती बोलायची वेळ हीच होती. लेखात ती कुठेही बोलत नाही.

रामायणातला प्रसंग तर सगळ्यांना पाठ आहे. दशरथ लोकांना बोलावतो, रामाला यौवराज्य द्यावे का विचारतो, सगळे आनंदाने होकार देतात. जायसवालांना यात सभेचा अधिकार दिसला. पण त्याच रात्री कैकेयी दोन वर मागते आणि सकाळी तो होकार पुसला जातो. ज्यांनी संमती दिली त्यांना पुन्हा कोणी विचारत नाही. अयोध्येचे लोक रडतात, रथामागे धावतात, तमसेच्या काठापर्यंत जातात आणि परत येतात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण ज्या सभेचा निर्णय एका रात्रीत, न विचारता फिरवता येतो, ती राजावर अंकुश ठेवणारी सभा नव्हे.

आता ताम्रपटांकडे परत येऊ. कित्येक शतकांत निरनिराळ्या राजवंशांनी दिलेले दानलेख आपल्यापुढे आहेत. त्यांत छोट्या अधिकाऱ्यांचीही नावे आहेत. राष्ट्रकूटांच्या राज्यात विषयमहत्तर, राष्ट्रमहत्तर अशी विभागपातळीवरची जाणती मंडळी दिसते आणि अळतेकरांनीच तिच्याकडे लक्ष वेधले. बंगालमधल्या पाचव्या-सहाव्या शतकांतल्या दामोदरपूर ताम्रपटांत कोटिवर्ष नावाच्या विषयाच्या कचेरीत अधिकाऱ्याबरोबर नगरश्रेष्ठी (नगरशेठ), सार्थवाह (व्यापारी तांड्याचा प्रमुख), प्रथमकुलिक (कारागिरांचा प्रमुख) आणि प्रथमकायस्थ (मुख्य लेखनिक) बसलेले दिसतात. सरकारी जमीन विकायची तर त्यांच्यासमोर अर्ज येई. वैशालीला, म्हणजे बसाढला, श्रेष्ठी-सार्थवाह-कुलिकांच्या निगमाच्या, म्हणजे संघाच्या, गुप्तकालीन मुद्रा मिळाल्या. संस्था असली की तिचा शिक्का राहतो, कारकुनाच्या भाषेत तिचे नाव राहते. व्यापाऱ्यांच्या निगमाचा शिक्का सापडतो आणि राज्याच्या संसदेचा एकही सापडत नाही, याचा अर्थ सरळ लावावा लागतो.

लोकांचा सहभाग नव्हताच, असे अळतेकर म्हणत नाहीत. ते त्याची जागा बदलतात. तो सहभाग राजधानीत नसून खाली आहे : गावच्या महत्तरांत, कारागिरांच्या श्रेणीत, निगमात, विषयाच्या कचेरीत. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा विचार हाच. आणि खालच्या पातळीवरही त्यांनी सरसकट रंग फासला नाही. चोळ मुलखातल्या सभांना नियमावली होती, समित्या होत्या. पश्चिम भारतातल्या गावांत तसल्या औपचारिक समित्या दिसत नाहीत, हे त्यांनी वेगळे काढून सांगितले. आपल्याकडचे गोत (निवाड्याची सभा), पांढरी (गावकऱ्यांचा समुदाय), महजर (निवाड्याचा कागद) ही परंपरा जिवंत आणि बळकट होती. तरी ती चोळ मुलखातल्या उत्तरमेरूर गावासारखी नियमबद्ध नव्हती. म्हाकव्यात जन्मलेल्या माणसाने आपल्याच मुलखाच्या गावगाड्याबद्दल असे नेमके बोलणे मला फार आवडते.

गण कोणी संपवले?

प्रकरणाचा दुसरा भाग कमी ठाऊक आहे आणि आज तो जास्त बोचतो.

गणराज्ये का संपली? जायसवालांचे उत्तर होते : गुप्तांचे, विशेषतः समुद्रगुप्ताचे साम्राज्य. समुद्रगुप्ताच्या प्रयाग इथल्या स्तंभलेखात मालव, आर्जुनायन, यौधेय, माद्रक अशी नावे येतात, हे खरे. अळतेकरांनी आक्षेप घेतला की हे गण त्या लेखात नष्ट झालेल्यांच्या यादीत नाहीत. ते कर देणारे, आज्ञा मानणारे आहेत, म्हणजे आपापल्या जागी टिकून आहेत. मग ते विरले कशाने?

इथे त्यांच्या हातात एक दगड होता. राजस्थानातल्या भीलवाडा भागात नांदसा इथे यूपस्तंभ, म्हणजे यज्ञाचा खांब, आहे. त्यावरचा लेख कृत संवत 282 चा, म्हणजे इ.स. 225–226 चा, आणि तो वाचून प्रसिद्ध केला अळतेकरांनीच. मालवांच्या एका विजयानंतर केलेल्या यज्ञाचा तो लेख आहे. त्यातला नायक आपण वाडवडिलांकडून आलेली धुरा वाहतो असे सांगतो. धुरा गणाची, पण येते बापाकडून. त्यानंतरचे दाखले याच वाटेचे. बयाण्याजवळच्या विजयगढ लेखातल्या यौधेय नायकाला गणाने पुढे केलेले आहे, पण त्याची बिरुदे ‘महाराज’, ‘महासेनापती’ अशी झाली आहेत. उदयगिरीच्या इ.स. 401–402 च्या लेखात सनकानिक नावाच्या गणाचा प्रमुख महाराज आहे, त्याचा बाप महाराज आहे आणि आजाही महाराज आहे.

नाण्यांचा अभ्यासक असल्यामुळे हा बदल अळतेकरांना जास्त जाणवला असणार. यौधेयांच्या नाण्यांवर ‘यौधेयगणस्य जयः’ असे असते. जय गणाचा, कोणा माणसाचा नव्हे. ज्या समाजाने नाण्यावर राजाचे नाव घालायचे नाकारले, त्याच समाजात नेतृत्व एका घरात मुक्कामाला आले, की गण आणि राजा यांत फरक उरत नाही. मग साम्राज्याने जिंकण्याजोगेही फारसे काही राहत नाही. अळतेकरांनी गणांच्या अस्तामागे हे आनुवंशिक नेतृत्व धरले.

समुद्रगुप्ताला दोष देणे सोपे होते आणि वाचकाला सुखाचेही होते. वर्गात हा भाग आला की विद्यार्थी गप्प होतात. कोणत्या मतदारसंघाचा विचार त्यांच्या मनात येतो ते मी विचारत नाही. गावच्या सोसायटीपासून दिल्लीपर्यंत धुरा कुठून कुठे जाते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असते.

गणांत सत्ता कोणाकडे होती हेही अळतेकरांनी झाकले नाही. लिच्छवींचे 7707 राजे म्हणजे सत्ताधारी कुळांतली माणसे. कसणारे, राबणारे, दास यांना त्यात आवाज नव्हता. तरीही अशा गणांना गणराज्य म्हणायला अळतेकरांची हरकत नव्हती, कारण अथेन्स, स्पार्टा, रोम यांनाही आपण तेच नाव देतो आणि तिथेही सर्वांना मत नव्हतेच. हा युक्तिवाद मला पटतो. एकच मोजपट्टी दोन्हीकडे लावली आहे.

1949 चा नोव्हेंबर

ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी, 25 नोव्हेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत शेवटचे मोठे भाषण केले. भारताला लोकशाही माहीत नव्हती असे नाही, हा देश एके काळी गणराज्यांनी भरलेला होता, असे ते म्हणाले. भिक्षुसंघांना आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, शलाकांनी (मतदानाच्या काड्यांनी) मतदान यांचे नियम ठाऊक होते आणि ते बुद्धांनी तेव्हाच्या राजकीय सभांकडून घेतले असावेत, असे त्यांनी मांडले. पण लगेच पुढचे वाक्य होते : ही व्यवस्था भारताने गमावली; तो ती पुन्हा गमावेल का?

जायसवालांचा भूतकाळ दिलासा देतो. बाबासाहेबांनी त्याच भूतकाळाचा धोक्याचा इशारा केला. आणि त्याआधी वर्षभर, 4 नोव्हेंबर 1948 ला, खेड्यांना ‘छोटी प्रजासत्ताके’ म्हणणाऱ्या मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्तुतीची त्यांनी त्याच सभागृहात झाडाझडती घेतली होती. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर, हे त्यांचे शब्द अजून चटका लावतात. अळतेकर ज्या महत्तरांना लोकसहभागाची जागा मानतात, त्या महत्तरांत अस्पृश्य नव्हता. ही बाजू बाबासाहेबांकडूनच शिकावी लागते. ताम्रपट वाचून ती दिसत नाही.

संघाच्या नियमांबद्दल मात्र एक गोष्ट मूळ ग्रंथातूनच पाहावी. भिक्षूंच्या नियमांच्या ‘चुल्लवग्ग’ या पाली ग्रंथात मतदानाच्या तीन रीती आहेत : गूळ्हक म्हणजे गुप्त, विवटक म्हणजे उघड आणि सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून. शलाका गोळा करायला शलाकागाहापक नावाचा भिक्षू नेमायचा, तो पक्षपाती नसावा, हेही आहे. पण गुप्त मतदानात धम्माविरुद्धचे मत जास्त भरले, तर ‘मतदान नीट झाले नाही’ म्हणून ते रद्द करावे, असाही आदेश आहे. म्हणजे बहुमत अंतिम नव्हते. धम्म अंतिम होता आणि मोजणे हे भांडण मिटवायचे साधन होते. हे कळले की तुलना मोडत नाही, अधिक खोल होते. बहुमताच्या वर काही असावे का आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न मूलभूत हक्कांच्या रूपाने आपल्यापुढेही आहे.

उत्तरमेरूरचे तसेच. वैकुंठ पेरुमाळ मंदिरावरच्या इ.स. 919 आणि 921 च्या लेखांत 30 कुडुंबू म्हणजे वॉर्ड आहेत, घड्यात टाकलेल्या ताडपत्रांच्या चिठ्ठ्या आहेत, त्या काढणारे लहान मूल आहे. उमेदवाराचे वय 35 ते 70, स्वतःच्या जागेवर घर, करदेय जमीन आणि वेदांचे ज्ञान या अटी आहेत. गाव ब्राह्मणांचे, म्हणून हे सार्वत्रिक मताधिकाराचे उदाहरण नव्हे. पण एक कलम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो : समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचा मुलगा, जावई, भाचा, आतेभाऊ, मामेभाऊसुद्धा अपात्र. शिवाय गेल्या तीन वर्षांत पद भोगलेल्याची चिठ्ठी घालायची नाही. गावच्या तळ्याचा पैसा घरातल्या घरात फिरू नये म्हणून केलेली ही तजवीज आहे. नांदशाच्या स्तंभावरचे दुखणे आणि हा इलाज शेजारी ठेवून वाचावेत.

जिथे त्यांचा हात सैल पडला

1938 च्या स्त्रियांवरच्या ग्रंथात अळतेकरांची हीच शिस्त टिकली नाही. वैदिक काळ उन्नत, मग हळूहळू घसरण, असा त्या ग्रंथाचा उतार आहे आणि तो मुख्यतः ग्रंथांतल्या, वरच्या वर्णांतल्या स्त्रियांवर उभा आहे. दासी तिथे जवळजवळ नाहीत. इतिहासकार उमा चक्रवर्तींनी 1988 मध्ये यावर सडेतोड लेख लिहिला आणि ‘अळतेकरी चौकट’ हा शब्द रूढ झाला. ती टीका मला पूर्ण न्याय्य वाटते. पौर-जानपदाच्या वेळी जो माणूस विचारतो की ‘यादीत कोण नाही?’, तोच माणूस इथे तो प्रश्न विचारायला विसरतो. बाहेरच्या आरोपाला उत्तर द्यायची घाई जायसवालांना झाली होती, तशीच इथे अळतेकरांना झाली असावी. हा भाग वगळून हे प्रकरण शिकवू नये.

पाटण्याला गेल्यावर अळतेकर ज्या संस्थेचे संचालक झाले, ती बिहार सरकारने 1950 मध्ये स्थापन केलेली काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्था. तिच्याच वतीने त्यांनी वैशालीला खोदकाम केले. लिच्छवींच्या या राजधानीत 1958 मध्ये मातीच्या जुन्या स्तूपाच्या पोटात दगडी करंडक मिळाला. आत राखमिश्रित माती, एक छोटा शंख, दोन काचमणी, सोन्याच्या पत्र्याचा तुकडा आणि एक तांब्याचे नाणे. बुद्धांच्या अस्थींतला लिच्छवींचा वाटा तो हाच, असे त्यांनी मानले. त्याच 1958 मध्ये ‘स्टेट अँड गव्हर्नमेंट इन एन्शंट इंडिया’ची तिसरी आवृत्ती निघाली. जायसवालांचे नाव दारावर असलेल्या त्या संस्थेत बसणाऱ्या अळतेकरांनी पौर-जानपदाचे खंडन या आवृत्तीतही तसेच ठेवले.